दाते नावाचा जपानी

प्रिय दाते,

पहिल्याच ओळीत अडलो बघ. तुला 'तू' लिहू की 'तुम्ही'? दोन वर्षं आपण एका इमारतीत राहिलो, पण बोललो ते सगळं इंग्रजीत. तुझं इंग्रजी मोडकं आणि माझं डिक्शनरीतून घोटलेलं. त्या भाषेत हा प्रश्न कधी आलाच नाही. मग आठवलं, स्टँडवरून आम्ही 'हाण, दाते!' असंच ओरडायचो. 'हाणा, दातेसाहेब' असं कुणी म्हटल्याचं मला तरी स्मरत नाही. तेव्हा 'तू'च बरोबर.

आणि मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहायला बसलो की मी प्रत्येक स्पेलिंग तपासत बसतो. आज तेवढा दम नाही. तुझी मुलगी उद्या दुपारी कुवेतला उतरतेय, आणि इकडे माझे हात थंड पडलेत. फहाहीलमध्ये, या उन्हाळ्यात!

मिओचा पहिला फोन आला तेव्हा ती म्हणाली, "जादव-सान?" अगदी तुझ्यासारखं, 'ध'चा 'द' करून. मला वाटलं तूच बोलतोयस, फक्त आवाज बारीक झालाय. मग तिनं तू गेल्याचं सांगितलं. पोटाचा आजार, म्हणाली. फोन ठेवल्यावर मी मूर्खासारखा खिडकीत जाऊन खाली बघत राहिलो, जिथं तू तुझी ती पांढरी गाडी तिरकी लावायचास.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा तिनं मुद्द्याचं सांगितलं. ते वाक्य जसंच्या तसं लिहितो, कारण त्याच वाक्यामुळं मी आज कागद पुढे घेतलाय. ती म्हणाली, "बाबा नेहमी सांगायचे, मी कुवेतमध्ये लोकप्रिय होतो. आम्ही हसायचो. आई म्हणते, ते त्यांनी मनानं रचलं होतं. पुढच्या महिन्यात त्यांना जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांपुढे मला चार शब्द बोलायचेत. आईनं बजावलंय, जे खरं नाही ते त्या दिवशी बोलायचं नाही. म्हणून मी येतेय. तुम्ही सांगाल ते मी बोलेन."

तुम्ही सांगाल ते!

दाते, अरे, वर्षश्राद्धाला बोलायचं वाक्य तू माझ्यावर टाकून गेलास. दुसरं कुणी भेटलं नाही का तुला? तुला माहीत होतं मी कसा आहे. नववीत शाळा सुटलेला माणूस. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत गेज लावताना काटा केसभर हलला तरी पुन्हा खोलणारा. मला 'साधारण', 'जवळजवळ', 'तसं म्हणायला हरकत नाही' असलं काही बोलता येत नाही. लोकप्रिय म्हणजे किती लोकांना प्रिय? हे मी तिला काय सांगू?

आधी तुझ्या क्लबात गेलो. म्हटलं, कागद नको, फोटो नको, कुणीतरी एक माणूस 'हो, होता, चांगला होता' म्हणाला तरी पुष्कळ. मिओला तिथं नेता येईल. आता तिथं नवा मुदीर आहे, म्हणजे व्यवस्थापक. भला माणूस, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. त्याच्या डोक्यावर भिंतीला तुमच्या संघातल्या ब्राझीलवाल्याचा फोटो अजून आहे, काच पुसलेली.

मी म्हटलं, "तुमच्याकडे एक जपानी खेळाडू होता. दाते."

"जपानी? नाही नाही. कोरियन असेल."

"जपानी. दाते."

"दाटे?"

मी स्पेलिंग सांगितलं. डी, ए, टी, ई. त्याचा चेहरा उजळला. "अरे, डेट!" म्हणाला, आणि टेबलावरचं खजुराचं ताट माझ्यापुढे सरकवलं.

मी एक खाल्ला. काय करणार? उत्तम खजूर होता. पण जिना उतरताना एकच विचार. मिओपुढे त्यानं ताट सरकवलं तर?

आता मुळापासून लिहितो. उद्या हेच तिला सांगायचंय आणि माझा क्रम चुकता कामा नये.

नव्वदचं दशक संपत आलेलं. आमचे कुलकर्णीसाहेब तुला आठवत असतीलच: पुण्याचे, प्रोसेस इंजिनियर, कानाला पेन्सिल. ते एका शुक्रवारी सकाळी इंग्रजी पेपर फडकवत माझ्या दारात आले. खेळाच्या पानावर तळाला दोन ओळींची बातमी. फहाहीलच्या क्लबानं एच. दाते नावाचा आशियाई मिडफिल्डर घेतलाय. फोटो नाही, देश नाही.

"जाधव, वाचा! दाते! मराठी माणूस कुवेतमध्ये फुटबॉल खेळायला आलाय."

"डेट आसंल, साहेब. तारीख."

"तारीख कधी मिडफिल्डर असते का? एच. दाते. हेमंत नाहीतर हर्षद. कोकणस्थ. आमच्या सदाशिव पेठेतला असणार."

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं पेठापेठांचे फुटबॉल संघ. मॅचला सगळी पेठ लोटते, आणि गुडघा जायच्या आधी मी आमच्या तालमीकडून खेळलेला. मला हे पटेना.

"पुण्याचा माणूस आणि फुटबॉल? साहेब, त्यो पास द्यायच्या आधी पावती मागंल."

"मागू दे. पण आपण जायचं. आपला माणूस आहे."

झालं! दुपारपर्यंत फहाहीलमधल्या सगळ्या मराठी घरांत बातमी पोचली. माझी सुरेखा सरकारी दवाखान्यात नर्स. ती ड्यूटीवरून आली आणि तिनं दूध-पावडरचे पेढे वळले. कुलकर्णीवहिनींनी जुन्या चादरीवर लाल रंगानं 'हाण, दाते!' लिहिलं. 'हाण' हा शब्द माझा. वहिनींचं म्हणणं होतं 'शाब्बास' लिहावं. संध्याकाळी आम्ही सगळे स्टँडच्या एका कोपऱ्यात, बायकापोरांसकट, चादर धरून उभे. आणि तू बाहेर आलास.

कुलकर्णी म्हणाले, "दाते कुठाय?"

"पाठीवर बघा. तिथं लिवलंय."

"अहो, पण हा तर… ईशान्येकडचा असेल."

"आसामात दाते?"

"लग्न होऊन गेला असेल."

"साहेब, लग्न होऊन बायका जातात."

सगळा कोपरा फुटला हसून. चादर खाली घ्यायची की वर ठेवायची, कुणाला कळेना. आम्ही निघायच्याच बेतात होतो, खरं सांगतो. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक अंधुक नजरेचा माणूस, त्याला काहीच पत्ता नव्हता, त्यानं आरोळी ठोकली, "हाण, दाते!"

आणि तू थांबलास. बॉल दुसऱ्या अंगाला होता, तू कडेच्या रेषेजवळ होतास. तू मान वळवलीस, आमच्याकडं बघितलंस, आणि सरळ कमरेत वाकलास.

तुझा चेहरा मला अजून दिसतो. कुणीतरी फार दिवसांनी घरच्या नावानं हाक मारल्यासारखा. कुलकर्णींनी चादर सोडून हात जोडले. तू परत वाकलास. आम्ही परत हात जोडले. संपेचना! शेवटी रेफ्री ओरडला तुझ्यावर.

मॅच संपल्यावर जाळीवरून पेढे तुलाच दिले. आता दुसऱ्या कुणाला देणार?

पुढं कितीतरी दिवसांनी आपण जिन्यात भेटलो. तेव्हा कळलं की क्लबानं तुला आमच्याच इमारतीत घर दिलंय. तू म्हणालास, "इथं सगळे मला डेट म्हणतात. पोरं 'तमर, तमर' करतात, म्हणजे खजूर. दुकानदार 'व्हॉट डेट टुडे' विचारून हसतो. जपानहून आल्यापासून माझं नाव कुणी नीट घेतलं नव्हतं. फक्त तुम्ही लोक. जादव-सान, तुम्ही मला आधीपासून कसे ओळखत होता?"

मी म्हटलं, "पेपरात वाचलं."

यातला एक शब्द खोटा नव्हता. तपासून बोललो होतो. पण तू मान डोलावलीस आणि म्हणालास, "सो का. पेपरात. ने." 'सो का' म्हणजे 'असं होय', आणि वाक्याच्या शेवटी तुमचं ते 'ने' आणि आमचं 'ना', दोन्ही सारखंच, हो ना? त्या एका 'ने'मध्ये केवढं समाधान होतं! आणि तिथून खरं सांगायचं राहिलं ते आजतागायत. एकदा गैरसमजावर उभं राहिलेलं घर. खाली बघायचं नाही, नाहीतर पडेल.

तू जपानमध्ये कोण होतास हेही मी नंतर शोधून काढलं. तुझ्याकडूनच, हळूहळू. दुसऱ्या फळीतला संघ, तिथंही अर्धा वेळ बाकावर. तुझ्या बरोबरीचा एक देशाकडून खेळायला लागला, त्याचं चित्र नूडल्सच्या पाकिटावर आलं. तू हसत सांगायचास. "तो पाकिटावर, मी पाकीट विकत घेणारा." मग करार संपला आणि कुणीतरी कुवेतचं नाव काढलं.

आणि इथं? इथं ब्राझीलवाला होता. गोल तो मारायचा. स्टेडियम त्याच्या नावानं घुमायचं, अरबी पोरं त्याच्यासारखे केस कापायची, फहाहीलच्या बकाल्यात, त्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही, त्याचा फोटो लावलेला. तू त्याला बॉल द्यायचास. डाव्या पायानं, मान वर न करता, जिथं तो अजून पोचलेला नाही तिथं. लोकांना वाटायचं बॉल आपोआप तिथं गेला. गोल झाला की सगळे त्याच्या अंगावर, आणि तू मधल्या वर्तुळाकडं चालत. त्या वेळी आमच्या एका कोपऱ्यातून 'दाते! दाते!' सुरू व्हायचं. बाकीचे वळून बघायचे, ही माणसं चुकीच्या माणसाचं नाव का घेतायत म्हणून.

म्हणजे प्रमाण मांडायचं तर असं: त्याला सगळं स्टेडियम, तुला एक कोपरा. मिओला हेच सांगू का? एक कोपरा?

एकदा तू आमच्याकडं जेवायला होतास. सुरेखानं पांढरा रस्सा केला होता. तू वाटी दोन्ही हातांनी उचलून सूपासारखी प्यायलास, आणि मग तांबड्या रश्श्यानं तुझ्या डोळ्यांतून, नाकातून, कपाळातून पाणी! तरी 'ओइशी, ओइशी', म्हणजे फक्कड, चालूच. सुरेखा म्हणाली, "अहो, त्यांना दही द्या, माझ्या ड्यूटीवर पेशंट नको घरचा." दही खाता खाता तू विचारलंस, "तुमच्या भाषेत दातेचा अर्थ काय?"

मी सांगितलं, देणारा. दाता. दाते हे त्याचं अनेकवचन.

"एकच माणूस, मग अनेकवचन का?"

"मानासाठी. आमच्यात ज्याला मान द्यायचा, त्या एकट्याला आम्ही 'अनेक' म्हणून बोलतो."

तू वाटीतलं दही संपवलंस. मग म्हणालास, "ब्राझीलवाल्याकडं अनेक लोक आहेत. माझ्याकडं अनेकवचन. ने."

व्याकरण मी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून शिकलो. त्याचा असा उपयोग कुणी करेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसरा सीझन संपला, तुझ्या गुडघ्यानं दगा दिला, करार वाढला नाही. शेवटच्या मॅचला क्लबानं ब्राझीलवाल्याला हार घातला. तू आमच्या कोपऱ्याकडं आलास आणि वाकलास, आणि आम्ही वाकलो. तू वर उठतच नव्हतास. मला वाटलं, गुडघा अडकला!

आणि मग दरवर्षी एक तारखेला तुझा फोन. "जादव-सान, हॅपी न्यू इयर. नी ओके?" माझ्या गुडघ्याची चौकशी करणारा जगात तू एकटा. शेवटच्या, म्हणजे गेल्या वर्षीच्या फोनला तुझा आवाज बसलेला होता. मी विचारलं, सर्दी झाली का? तू म्हणालास, "थोडी." थोडी? दाते, असली माहिती देतात का कुणाला? काटा शून्याकडं चाललाय आणि तू 'थोडी' म्हणतोस! मी विमानाचं तिकीट काढलं असतं असं म्हणत नाही. निघालो असतो का, मलाच ठाऊक नाही. पण मी फोन तरी एवढ्या लवकर ठेवला नसता. त्या दिवशी दुबईची मॅच लागली होती टीव्हीवर.

असो. कालपासून मी जुन्या कोपऱ्यातल्या माणसांना फोन लावतोय. उद्या संध्याकाळी मिओपुढे चार तोंडं तरी असावीत. कोण उरलंय? कुणी गावी परतले, कुणी कतारला गेले, तो अंधुक नजरेचा माणूस मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नागपूरला नातवंडं खेळवतोय. कुलकर्णीसाहेब रिटायर होऊन पुण्यात. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "जाधव, तिला हेमंतचं सांगू नका बरं का. उगाच पोरीला वाईट वाटेल. सांगा, सगळं कुवेत वेडं होतं."

"सगळं कुवेत वेडं नव्हतं, साहेब."

"अहो, श्राद्धाला कोण मोजायला बसतं?"

"मी बसतो."

"तुम्ही कोल्हापूरचे. तुम्हाला सांगून उपयोग नाही."

फोन आपटला आणि सुरेखावर जाऊन आदळलो. ती ओट्याशी वड्यांचे बटाटे सोलत होती. उद्यासाठी.

मी म्हटलं, "खरं सांगितलं तर हे असं आहे: आम्ही चुकून गेलो. दुसऱ्याच माणसाला बघायला गेलो. तिच्या बापाला आयुष्यात जी एकमेव टाळी मिळाली, ती पत्ता चुकलेली होती. हे तिला वर्षश्राद्धाला बोलायला देऊ? आणि हे झाकलं तर मग मी उरलो कशाला?"

ती बटाटा सोलतच होती. "तुम्ही ना, आयुष्यभर नटबोल्टच बघा. पहिल्या शुक्रवारी चुकलात. बरं. दुसऱ्या शुक्रवारी माझ्याकडून वडे तळून घेऊन कोण गेलं होतं?"

"आम्हीच."

"तेव्हा माहीत होतं ना, मैदानात पुण्याचा कुणी नाही?"

"होतं."

"मग? दुसऱ्या शुक्रवारी कोण चुकून जातं?"

मी आठवत होतो, आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते नेमकं का. अचूक सांगायचं तर तुझ्या खेळासाठी नव्हे, तोवर आमचं तुझ्या डाव्या पायाकडं लक्षही नव्हतं. ज्या माणसानं भर मॅचमध्ये थांबून नमस्कार केला, त्याला परत तोंड न दाखवणं बरं दिसेना. लाजेनं गेलो आम्ही. तिसऱ्यांदा मात्र त्या पायासाठी. आणि पुढं तर मला लांब अर्दियाला कामाला पाठवलं तरी शुक्रवारची सुट्टी मागून घेऊन यायचो.

पण हे पुरेल का तिला? लाजेनं आलेली माणसं?

पुढचं मी थांबून लिहितोय, दाते. मध्ये फोन वाजला होता. हातात पेन तसंच.

मिओ होती. दुबईत विमान बदलण्यासाठी रात्रभर थांबलीय. फ्लाइट वेळेवर आहे एवढंच सांगायला केला होता फोन. मग म्हणाली, "जादव-सान, एक विचारू? तुम्हाला अरबी येतं ना?"

"कामापुरतं."

"बाबा एक अरबी वाक्य बोलायचे. कुणी नाव विचारलं, पाहुणे जमले, थोडी साके पिऊन झाली, की उभे राहून बोलायचे आणि एकटेच हसायचे. आम्हाला पाठ झालंय पण अर्थ माहीत नाही. मी एका कुवेतच्या मुलाला विचारलं होतं, तो म्हणाला हे अरबी नाही."

"बोला."

आणि तुझ्या मुलीनं, दुबईच्या विमानतळावरून, प्रत्येक अक्षर सांभाळत म्हटलं,

"पुन्याचा दाते. कोरापूरचा नाय."

मी खुर्चीत बसलो. सुरेखा म्हणाली, "काय झालं? उशीर आहे का?"

तुला माहीत होतं! लेका, तुला माहीत होतं! कधीपासून? कुणी सांगितलं? कुलकर्णीच असणार, दुसरं कोण? पोटात काही टिकतं का त्या माणसाच्या! आणि मला फोनवर सांगतोय, हेमंतचं सांगू नका म्हणून! स्वतः सांगून बसला होता तुला, आणि वर 'कोल्हापूरचा नाय' हेही त्यानंच पढवलं असणार, माझी खोड काढायला.

आणि तू? माझ्यापुढं एक अक्षर काढलं नाहीस. जिन्यात, जेवताना, गाडीत. हेमंत दातेच्या टाळ्या आहेत हे ठाऊक असून दर मॅचला आमच्यापुढं वाकत राहिलास. घरी जाऊन त्या जोकवर एकटाच हसत राहिलास, आणि त्याच तोंडानं बायकापोरीला सांगितलंस की मी कुवेतमध्ये लोकप्रिय होतो. म्हणजे तूही दुसऱ्या शुक्रवारपासूनच मोजत होतास का? माझ्यासारखंच? की तुला त्या शेवटच्या लांब नमस्कारात काही सांगायचं होतं आणि मी गुडघ्याची काळजी करत बसलो? विचारायला हवं होतं. एक तारखेच्या एखाद्या फोनवर विचारलं असतं तर तू खो खो हसला असतास. आता कुणाला विचारू?

मिओ विचारत होती, "जादव-सान, अर्थ वाईट आहे का?"

मी म्हटलं, "नाही, बाळ. अर्थ लांब आहे. उद्या सांगतो." 'बाळ' हे मराठीतच गेलं तोंडातून. तिनं "हाय" म्हटलं, म्हणजे तुमच्यात 'हो'.

तेव्हापासून नवीच काळजी. पुणे म्हणजे काय, कोल्हापूर म्हणजे काय, त्यात हसण्यासारखं काय, हे इंग्रजीत कसं सांगायचं? डिक्शनरीत पावतीचा विनोद नाही. सुरेखा म्हणते, तुम्ही आणि मी तिच्यासमोर भांडून दाखवू, कळेल तिला.

पण ते एक वाक्य आता मला सापडलंय, ते तुला आधी वाचून दाखवतो. चुकत असेल तर सांग. मी तिला म्हणेन: "तुझ्या वडिलांना बघायला आम्ही पहिल्यांदा चुकून आलो. त्यानंतर दोन वर्षं, एका कोपऱ्यातली माणसं, चुकून आली नाहीत." बस. ना एक माणूस जास्त, ना एक कमी. तुझ्या बायकोला यात खोट काढता येणार नाही. आणि मिओला त्या दिवशी सगळ्यांपुढं उभं राहून तुझं ते वाक्य म्हणू दे, अर्थासकट.

क्लबातही नेईन तिला. मुदीरानं खजूर पुढं केला तर खाऊ दे तिला, चांगला असतो. पण उठायच्या आधी त्याच्याकडून 'दाते' हे नाव एकदा नीट म्हणून घेईन. 'दा' लांब, 'ते' साधं. होईस्तोवर उठणार नाही.

आणि शब्द देतो तुला एक. उद्या विमानतळावर मी पाटी धरणार नाही. डी-ए-टी-ई लिहिलेली पाटी घेऊन उभा राहिलो तर लोकांना वाटेल खजूर विकतोय. मी कठड्याला टेकून उभा राहीन, आणि दारातून माणसं बाहेर यायला लागली की स्टँडवरच्या आवाजात एकदाच ओरडेन, "दाते!" ती मान वळवेल. वळवलीच पाहिजे, तुझीच मुलगी आहे. मग ती वाकेल, तुमची सवय. पण या वेळी तिच्या आधी मी वाकलेला असेन, गुडघा काही म्हणो.

तुझा,
दत्ता जाधव
फहाहील

(जाधव. 'ध'. पण तुम्हा दोघांना 'द' माफ.)